शेजारच्या राज्यात कॅसिनो उघडला की आपल्याकडच्या धंद्याचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी मंडळींकडून कॅसिनोंबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. डिसेंबर २०२५ मध्ये न्यू यॉर्क शहरात तीन कॅसिनोंना परवाने मिळाल्यापासून ते वाढलेत, आणि हल्ली पुणे-कोल्हापूरकडूनही विचारणा होते. बहुतेक उत्तरं न्यू जर्सीतल्या समुद्रकाठच्या अटलांटिक सिटी या गावाच्या आधारे दिली आहेत. शेजाऱ्यांनी एका शहराचा धंदा कसा ओढून नेला, हे इतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसतं.

१. कॅसिनोचा ‘महसूल’ म्हणजे लोकांनी लावलेले पैसे की कॅसिनोने जिंकलेले?

जिंकलेले. लोकांनी लावले त्यातून त्यांना परत मिळाले ते वजा केले की उरतो तो जुगाराचा महसूल, म्हणजे थोडक्यात लोक जेवढे हरले तेवढा. २००६ साली अटलांटिक सिटीचा महसूल ५.२ अब्ज डॉलर होता, म्हणजे एवढी रक्कम लोक त्या एका गावात वर्षभरात हरून गेले. पगार, वीज, कर्जाचं व्याज हे सगळं त्यातून जायचं असतं, त्यामुळे महसूल मोठा म्हणजे कंपनी नफ्यात असं समजू नये. आणि महसूल घटला म्हणजे लोकांनी जुगार सोडला असंही नाही. बहुतेक वेळा ते दुसरीकडे हरत असतात.

२. नवा कॅसिनो नवे खेळणारे आणतो, की जुनीच गिऱ्हाइकं वाटली जातात?

दोन्ही होतं, पण परवाना मागताना फक्त पहिली गोष्ट सांगितली जाते.

२००६ मध्ये पेनसिल्व्हेनियात कॅसिनोंचा महसूल जवळपास नव्हताच, कारण पहिला कॅसिनो त्या वर्षाच्या नोव्हेंबरात उघडला. २०१२ साली तो ३.१६ अब्ज डॉलरवर गेला होता. त्याच काळात अटलांटिक सिटी ५.२ वरून ३.०५ अब्जांवर आली. दोन्हींची बेरीज केली तर एकूण जुगार सुमारे एक अब्जाने वाढला. पण अटलांटिक सिटीचे दोन अब्जांहून जास्त गेले. पेनसिल्व्हेनियाची सगळी कमाई तिथूनच आली असं नाही, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या पिट्सबर्गचा माणूस एरवीही समुद्रापर्यंत क्वचितच जायचा. फिलाडेल्फियाच्या आसपासची गिऱ्हाइकं मात्र सरळ उचलली गेली.

ही गिऱ्हाइकं कोण, हे पाहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. फिलाडेल्फिया, उत्तर जर्सी, न्यू यॉर्कहून रोज सकाळी बसगाड्या अटलांटिक सिटीला निघायच्या. प्रवासी बहुतेक निवृत्त. उतरल्यावर कॅसिनो त्यांच्या हातात क्वार्टर (पाव डॉलरच्या) नाण्यांचा रोल किंवा कूपन ठेवायचा, म्हणजे तिकिटाचा बराचसा खर्च वसूल. चार-सहा तास स्लॉट मशीनपुढे (पैसे टाकून बटण दाबायचं जुगाराचं यंत्र), मध्ये जेवण, संध्याकाळी परत. या माणसाला समुद्राशी, गाण्याच्या कार्यक्रमाशी काही देणंघेणं नसतं. घरापासून वीस मिनिटांवर तेच मशीन मिळालं तर तो दीड तास बसमध्ये का बसेल?

३. अटलांटिक सिटीचा उतार नेमका कसा झाला? थोडक्यात सांगा.

न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये अटलांटिक सिटीपुरती कॅसिनोंना परवानगी दिली. २६ मे १९७८ रोजी रिसॉर्ट्स इंटरनॅशनल उघडला, नेवाडाबाहेरचा अमेरिकेतला पहिला कायदेशीर कॅसिनो. त्यानंतर पूर्व किनाऱ्यावर बरीच वर्षं जवळपास मक्तेदारी होती. पहिला खरा धक्का कनेक्टिकटमधून आला (प्रश्न ९). १९९५ च्या अखेरीस डेलावेअरच्या रेसकोर्सवर स्लॉट मशीन आली. मग पेनसिल्व्हेनियाने २००४ मध्ये कायदा केला, २००६ पासून कॅसिनो उघडत गेले, आणि जुलै २०१० मध्ये तिथे पत्ते आणि रूलेटची टेबलंही सुरू झाली. मेरीलँड २०१० मध्ये आलं. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये अ‍ॅक्विडक्ट रेसकोर्सवर २०११ मध्ये मशीन लागली. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने महसुलात न्यू जर्सीला मागे टाकलं.

२०१४ हे सगळ्यात वाईट वर्ष. जानेवारीत अटलांटिक क्लब बंद झाला, ऑगस्टअखेर शोबोट, २ सप्टेंबरला रेव्हेल, १६ सप्टेंबरला ट्रम्प प्लाझा. बाराचे आठ कॅसिनो उरले. २०१६ मध्ये ट्रम्प ताज महालही बंद पडला.

४. पण २००८ ची मंदी होतीच ना? सगळा दोष शेजाऱ्यांवर कशाला?

मंदीने फटका दिलाच. २०१२ च्या सँडी वादळात कॅसिनो काही दिवस बंद राहिले, तेही आहे. पण लास वेगासही मंदीत जबर आपटलं आणि २०१० पासून सावरू लागलं. अटलांटिक सिटी मात्र २०१५ पर्यंत दरवर्षी खालीच जात राहिली आणि २.६ अब्जांच्या खाली आली. देशभर मंदी ओसरत असताना एकच गाव घसरत असेल, तर कारण त्याच्या आसपासच शोधावं लागतं.

स्वतःच्या चुकाही होत्या. रेव्हेलवर सुमारे २.४ अब्ज डॉलर खर्च करून तो एप्रिल २०१२ मध्ये उघडला, नेमका गिऱ्हाइकं निघून गेल्यावर. नंतर तो ८.२ कोटी डॉलरला विकला गेला.

५. न्यू जर्सीचा कर इतका कमी असताना धंदा टिकला कसा नाही?

कमी कराचा फायदा मालकाला, गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. न्यू जर्सीत कॅसिनोच्या महसुलावर ८ टक्के कर, शिवाय पुनर्विकासासाठी १.२५ टक्के. पेनसिल्व्हेनियात स्लॉटवर सगळं मिळून ५० टक्क्यांच्या वर.

चेरी हिलमधला, म्हणजे जर्सीतलाच, एक माणूस घ्या. तो पूल ओलांडून फिलाडेल्फियात गेला आणि मशीनवर १०० डॉलर हरला. त्यातले निम्म्याहून जास्त पेनसिल्व्हेनिया सरकारच्या तिजोरीत गेले: घरपट्टीत सवलत, घोड्यांच्या शर्यती, स्थानिक पालिका. न्यू जर्सीचे आठ डॉलर बुडाले. शेजारच्या राज्याला एवढा मोठा वाटा मिळत असेल तर ते कॅसिनोला परवाना का नाकारेल? प्रत्येक राज्याचा अर्थमंत्री हाच हिशेब करतो आणि सीमेजवळची जागा निवडतो (प्रश्न १०).

कमी कराच्या बदल्यात न्यू जर्सीची अपेक्षा होती की कंपन्यांनी मोठी हॉटेलं, नाट्यगृहं बांधावीत, लोक राहायला यावेत. बोर्गाटा या कॅसिनोने २००३ मध्ये ते केलं आणि तो सगळ्यात भक्कम राहिला. बाकीच्यांनी बसच्या प्रवाशांवर भागवलं. माझ्या मते अटलांटिक सिटीचं खरं दुर्दैव इथे आहे. मक्तेदारीच्या वर्षांत पैसा होता, तेव्हा गाव बांधलं गेलं नाही.

६. एकाच कंपनीचे दोन्ही राज्यांत कॅसिनो असतील तर?

मग कंपनी सहसा तरते, गावाचं काय ते गाव बघतं. हॅराज, पुढे सीझर्स, या कंपनीचे अटलांटिक सिटीत चार कॅसिनो होते आणि २००७ पासून फिलाडेल्फियाजवळ चेस्टरमध्येही एक. खेळाडूचं सभासद कार्ड दोन्हीकडे चालतं. तो कुठे हरतोय याने कंपनीला फारसा फरक पडत नाही.

शोबोटची गोष्ट तर फार बोचणारी आहे. २०१४ मध्ये बंद करताना तो तोट्यात नव्हता. गावात कॅसिनो जास्त झालेत, एक कमी केला तर त्याची गिऱ्हाइकं आपल्याच उरलेल्यांकडे येतील, असा मालकांचा हिशेब होता. हिशेब कागदावर चोख. तिथे वर्षानुवर्षं पत्ते वाटणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या माणसांना आपला धंदा नफ्यात असूनही घरी का बसवलं, हे समजावणार कोण?

७. कामगारांचं काय झालं? आणि गावाच्या कराचं?

२०१४ च्या चार बंद कॅसिनोंमध्ये सुमारे ८,००० नोकऱ्या गेल्या. गावाची लोकसंख्या ४० हजारांच्या आत आहे, यावरून अंदाज घ्या. सगळे कामगार गावातले नव्हते, पण एका महिन्यात तीन मोठी हॉटेलं बंद पडली की भाड्याच्या खोल्यांपासून केशकर्तनालयापर्यंत सगळ्यांना झळ बसते.

नवीन राज्यातल्या नोकऱ्यांची जाहिरात करताना या नोकऱ्या कुणी वजा करत नाही. सीमेपलीकडे तितक्याच नोकऱ्या तयार झाल्या असं गृहीत धरलं तरी पन्नाशीच्या खोली-सफाई कामगार बाईला दोन तास लांब चेस्टरला रोज जाता येत नाही. स्लॉटवर चालणाऱ्या, हॉटेल नसलेल्या कॅसिनोला माणसंही कमी लागतात.

गावाच्या घरपट्टीचा पायाच कॅसिनो होते. करपात्र मालमत्तेचं मूल्य २०१० मध्ये सुमारे २०.५ अब्ज डॉलर होतं, ते २०१६ पर्यंत साडेसहा अब्जांच्या आसपास आलं. त्यात कॅसिनोंनी जादा भरलेली घरपट्टी परत मागितली आणि ती मिळवली. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्य सरकारने गावाचा आर्थिक कारभार हातात घेतला.

८. बंद पडल्यावर उरलेल्यांचं भलं झालं का?

हो. २०१६ मध्ये दहा वर्षांत पहिल्यांदा गावातल्या कॅसिनोंचा एकूण महसूल (ऑनलाइन धरून) वाढला, साधारण दीड टक्का. जून २०१८ मध्ये ताज महालच्या जागी हार्ड रॉक आणि रेव्हेलच्या जागी ओशन उघडला. आज नऊ कॅसिनो आहेत. एकूण महसूल वाढला, पण तो पुन्हा जास्त जणांत वाटला गेला.

९. कनेक्टिकटमध्ये आदिवासी जमातींचे कॅसिनो आहेत. त्यांना शेजाऱ्यांची स्पर्धा लागू होते का?

पूर्णपणे होते, फक्त राज्य सरकारचे हात वेगळ्या तऱ्हेने बांधलेले असतात. मॅशंटकेट पीक्वॉट जमातीचा फॉक्सवुड्स १९९२ मध्ये कॅसिनो झाला आणि मोहेगन सन १९९६ मध्ये आला. दोन्ही जमाती स्लॉटच्या महसुलाचा २५ टक्के वाटा राज्याला देतात. बदल्यात एक अट: राज्याने दुसऱ्या कुणाला कॅसिनोचा परवाना द्यायचा नाही. दिला तर वाटा बंद.

मॅसॅच्युसेट्सने २०११ मध्ये कायदा केला. सीमेजवळच्या स्प्रिंगफील्डला एमजीएम कंपनीचा कॅसिनो होणार हे ठरलं, तेव्हा दोन्ही जमाती एकत्र आल्या आणि त्यांनी ईस्ट विंडसरला, स्प्रिंगफील्डपासून तेरा-चौदा मैलांवर, तिसरा कॅसिनो काढायचा बेत केला. उद्देश उघड होता, उत्तरेकडे निघालेली गाडी वाटेत अडवायची. २०१७ मध्ये त्याला राज्याची मंजुरी मिळाली. एमजीएमने कोर्टकज्जे केले, उलट ब्रिजपोर्टला स्वतःचा कॅसिनो बांधू असा प्रस्तावही दिला. शेवटी ईस्ट विंडसरला एक बंद सिनेमागृह पाडलं गेलं आणि पुढे काहीच बांधलं गेलं नाही. २०२१ च्या ऑनलाइन जुगाराच्या करारात बेत बाजूला ठेवला गेला.

एमजीएम स्प्रिंगफील्ड ऑगस्ट २०१८ मध्ये उघडला, पण परवाना घेताना दाखवलेले आकडे त्याला गाठता आले नाहीत. मोहेगन सनला जाणाऱ्यांची सवय अपेक्षेइतकी मोडली नाही, आणि २०१९ मध्ये बॉस्टनजवळ एन्कोअर उघडला.

१०. कॅसिनो नेहमी राज्याच्या कडेलाच का दिसतात?

शेजाऱ्याचे लोक खेळले तर पैसा बाहेरून येतो आणि व्यसनाचा, कर्जबाजारीपणाचा खर्च शेजाऱ्याच्या पदरात पडतो. र्‍होड आयलंडने टिव्हर्टनला २०१८ मध्ये उघडलेला कॅसिनो मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून काहीशे फुटांवर आहे. हे धोरण म्हणून मला फार चुकीचं वाटतं, पण ते योगायोगाने घडत नाही एवढं नक्की.

११. घोड्यांच्या शर्यती आणि लॉटरीवर काय परिणाम होतो?

शर्यतींवर फार मोठा, आणि तो विचित्र मार्गाने. डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनियाने रेसकोर्सवरच स्लॉट लावले आणि त्या पैशातून शर्यतींची बक्षिसं वाढवली. घोडेमालक बक्षीस मोठं तिकडे घोडे नेतात. त्यामुळे न्यू जर्सीचे रेसकोर्स कोरडे पडले. चेरी हिलचा गार्डन स्टेट पार्क २००१ मध्ये बंद झाला, अटलांटिक सिटीचा रेसकोर्स २०१५ मध्ये. मधली काही वर्षं अटलांटिक सिटीचे कॅसिनो रेसकोर्सना बक्षिसांसाठी पैसे देत होते, अट एवढीच की तिथे स्लॉट मशीन मागायची नाहीत.

लॉटरीचं तसं झालं नाही. पेनसिल्व्हेनियात कॅसिनो आल्यावरही लॉटरी कोसळली नाही. दुकानातून दूध घेताना तिकीट घेणारा आणि कॅसिनोत बसणारा यांची सवय वेगळी असते.

१२. नियम कडक ठेवले तर धंदा शेजारी जातो, हे खरं आहे का?

आयोवाचा अनुभव तेच सांगतो. १ एप्रिल १९९१ रोजी तिथे मिसिसिपी नदीवर कॅसिनोच्या बोटी सुरू झाल्या. एका डावाला जास्तीत जास्त ५ डॉलर, एका फेरीत २०० डॉलरपेक्षा जास्त हरता येणार नाही, असा नियम होता. नियम चांगला होता, माझं मत आजही तेच आहे. पण त्याच वर्षी नदीपलीकडच्या इलिनॉयने अशा मर्यादा न ठेवता बोटी सोडल्या. आयोवाच्या काही बोटी चक्क नांगर उचलून मिसिसिपी राज्यात निघून गेल्या. १९९४ मध्ये आयोवाने मर्यादा काढून टाकल्या.

मात्र प्रत्येक वेळी हा बागुलबुवा खरा मानू नका. न्यू जर्सीने २००६ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान बंद केलं, त्यातून कॅसिनोंना सूट दिली. धुरात आठ-आठ तास उभे राहणारे डीलर (टेबलावर पत्ते वाटणारे) बंदी मागतात, तेव्हा मालक म्हणतात की गिऱ्हाइकं पेनसिल्व्हेनियात जातील. पण फिलाडेल्फियाजवळचा पार्क्स कॅसिनो, जो त्या राज्यातला सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांपैकी आहे, कोविडनंतर स्वतःहून धूरमुक्त राहिला आहे.

१३. शेजारी कॅसिनो येऊनही नुकसान झालं नाही, असं कुठे घडलंय?

लास वेगास. मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जमातींच्या कॅसिनोंना मान्यता दिली, तेव्हा वेगास संपणार असं पुष्कळ जण म्हणाले. वेगासची मोठी हॉटेलं उलट वाढत गेली, कारण लोक तिथे अधिवेशनाला, लग्नाला, जेवायला, कार्यक्रम बघायला जातात आणि त्यात जुगारही खेळतात.

पण त्याच नेवाडातल्या रीनोची कहाणी अगदी उलट. रीनोचा गिऱ्हाईक सॅक्रामेंटो आणि सॅन फ्रान्सिस्कोहून डोंगर ओलांडून यायचा. २००३ मध्ये सॅक्रामेंटोजवळ, रीनोच्या वाटेवर, थंडर व्हॅली उघडला. हिवाळ्यात बर्फातून घाट चढायची गरज उरली नाही. रीनोचे बरेच जुने कॅसिनो पुढच्या काळात बंद पडले. राज्य एक, कायदा एक, कर एक, शेजारी तोच. फरक एवढाच की वेगासला लोक राहायला जात होते आणि रीनोला बरेचसे फक्त खेळायला.

१४. आता सगळं फोनवर आलंय, मग सीमेला काय अर्थ?

सीमा उलट जास्त काटेकोर झाली. फोनचं ठिकाण राज्याच्या आत असेल तरच पैसे लावता येतात. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रीडा सट्ट्यावरची बंदी उठवल्यावर न्यू जर्सीने लगेच परवानगी दिली, न्यू यॉर्कने फोनवरच्या सट्ट्याला दिली नाही. मग न्यू यॉर्कचे लोक सायकलने जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडायचे, जर्सीच्या टोकाला थांबून फोनवर सट्टा लावायचे आणि परत फिरायचे. जानेवारी २०२२ मध्ये न्यू यॉर्कने फोनवर परवानगी दिली आणि पहिल्याच महिन्यात लागलेल्या रकमेत जर्सीला मागे टाकलं.

न्यू जर्सीत ऑनलाइन कॅसिनो २०१३ पासून आहेत. २०२४ मध्ये अटलांटिक सिटीच्या प्रत्यक्ष कॅसिनोंचा महसूल २.८२ अब्ज होता आणि ऑनलाइनचा २.३९ अब्ज. त्यामुळे ‘अटलांटिक सिटी सावरली’ अशा बातम्यांत दोन्ही आकडे एकत्र केलेत का, ते आधी बघा. फोनवरच्या कमाईने खोल्या झाडणाऱ्याला काम मिळत नाही.

१५. न्यू यॉर्कचे तीन नवे कॅसिनो अटलांटिक सिटीला संपवतील का?

संपवणार नाहीत, पण खोल ओरखडा निघेल. तिघांपैकी दोन क्वीन्समध्ये, एक ब्रॉन्क्समध्ये. अ‍ॅक्विडक्टच्या जागेत स्लॉट आधीच होते, नव्या परवान्याने तिथे खऱ्या डीलरच्या टेबलांनाही मुभा मिळाली. सर्वात मोठा धोका उत्तर जर्सीतल्या गिऱ्हाइकांचा. जर्सीतल्या एडिसनहून अटलांटिक सिटी आणि एडिसनहून क्वीन्स, दोन्ही वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. पुलांचा टोल आणि गर्दी हे अटलांटिक सिटीचं सध्याचं संरक्षण. २०१६ मध्ये उत्तर जर्सीतच कॅसिनो काढायचा प्रस्ताव मतदानाला आला होता आणि तीन चतुर्थांशांहून जास्त मतदारांनी तो फेटाळला. तो आता नव्या रूपात परत येण्याची शक्यता मोठी आहे.

१६. महाराष्ट्रात कॅसिनो सुरू झाले तर गोव्याची अटलांटिक सिटी होईल का?

आधी कायद्याची स्थिती. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशीन आणली, नंतर बोटींना मुभा दिली. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना आत प्रवेश नाही. म्हणजे मांडवीतल्या बोटी पूर्णपणे बाहेरच्या गिऱ्हाइकावर चालतात, आणि त्यात महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात मोठे.

त्यामुळे उद्या कोल्हापूर किंवा पुण्याजवळ कॅसिनो झाला तर शनिवार-रविवारी फक्त खेळायला पणजी गाठणारा माणूस नक्की कमी होईल. किनाऱ्यावर कुटुंबाला घेऊन येणारा आणि एक रात्र बोटीवर जाणारा टिकेल. गोव्यात रीनो किती आणि वेगास किती, असा तो प्रश्न आहे (प्रश्न १३). सध्या तरी गोव्याच्या बोटींना शेजाऱ्यापेक्षा जीएसटीची चिंता जास्त: ऑक्टोबर २०२३ पासून टोकनांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.

१७. घरातल्या माणसाने स्वतःचं नाव बंदी-यादीत टाकलंय. शेजारच्या राज्यात ती यादी चालते का?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक बायका आहेत. न्यू जर्सीत स्वतःहून नाव नोंदवून कॅसिनोत आणि ऑनलाइन प्रवेश बंद करून घेता येतो, पण ती नोंद राज्यापुरती. पेनसिल्व्हेनियाची यादी वेगळी, न्यू यॉर्कची वेगळी. १९९९ मध्ये अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगापुढे आलेल्या अभ्यासात ५० मैलांच्या आत कॅसिनो असेल तर जुगाराने त्रस्त असलेल्यांचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं होतं. मध्य जर्सीत राहणाऱ्याच्या तेवढ्या टापूत आज दोन-तीन राज्यं येतात.

म्हणून जिथे गाडीने जाता येतं त्या प्रत्येक राज्यात वेगळा अर्ज भरावा लागतो. पेनसिल्व्हेनियात तर प्रत्यक्ष कॅसिनो, ऑनलाइन, आणि ढाब्यांवरची व्हिडिओ मशीन यांच्या याद्याही स्वतंत्र आहेत. अर्ज त्या माणसाने स्वतःच करायचा असतो, नवऱ्याच्या वतीने बायकोला करता येत नाही. अर्ज करताना सोबत मात्र बसता येतं, आणि एकाच बैठकीत सगळ्या राज्यांचे अर्ज उरकून घ्यावेत.